राजकुमारची बायको चढाईले निघाली

लाखांदूरहून एसटीनं अर्ध्या तासावर असलेल्या पिंपळटोल्यात देवाजी कापगते दोन गोष्टींसाठी ओळखला जाई. एक म्हणजे तलावाखालची त्याची दोन एकर धानाची बांधी आणि दुसरी म्हणजे त्याचा गळा. धानानं एखाद्या वर्षी दगा दिला असेल, गळ्यानं कधी दिला नाही. दिवाळी झाली की झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते. दिवसा बाजार आणि कबड्डी, रात्री नाटक. नाटकाला नटमंडळी बाहेरून आणावी लागत, पण कबड्डीचा माईक तीस वर्षं देवाजीच्या हातात होता. तो दुसऱ्या कुणाला द्यावा असं म्हणायची गावात कुणाची छाती नव्हती.

त्याची एक रीत ठरलेली होती. गडी चढाईला निघाला की आधी त्याचं नाव घ्यायचं, मग एक श्वास थांबायचं, मग नावाला काहीतरी जोडून द्यायचं. भुपेंद्रच्या मांड्या लोखंडाच्या, डोमाच्या हातात सापडला तो सुटला नाही, असं काहीबाही. ही वाक्यं तो पावसाळ्यात शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर बसून जुळवायचा आणि मंडईपर्यंत बायकोलाही सांगायचा नाही. नाव नीट घेतलं की अर्धा सामना प्रेक्षकच खेळतात, असं त्याचं मत होतं. तक्रारही एकच आणि दर वर्षीची. "पुढं तं सारेच जातेत," तो म्हणायचा, "मागं सरता नाही येत एकालेबी." चढाई करून परतताना गडी पाठ फिरवतो, घाई करतो आणि तिथंच सापडतो, हे त्यानं हजारदा पाहिलं होतं.

गेल्या वर्षी मंडईत पहिल्यांदाच बायकांची कबड्डी ठेवली. जवाहरनगरच्या फॅक्टरीच्या क्वार्टरमधल्या बायकांची टीम यायला तयार आहे असं कळलं आणि त्यानं गर्दी वाढेल असं मंडईच्या समितीला वाटलं. गावातूनही सात जणी उभ्या राहिल्या. त्यांत देवाजीची सून मेघा होती. लग्नाआधी माहेरी ती शाळा-कॉलेजच्या संघातून खेळलेली, आता एका पोरीची आई.

इथं देवाजीची पंचाईत झाली. सासऱ्यानं सुनेचं नाव घ्यायचं नसतं. घरात तो तिला 'सूनबाई' म्हणे आणि चारचौघांत 'राजकुमारची बायको'. बाकीच्या सहा जणीही कुणाच्या ना कुणाच्या सुनाच, म्हणजे गावच्या नात्यानं त्याच्याही. मग त्यानं तोड काढली. "राजकुमारची बायको चढाईले निघाली!" "तुलारामची सून बाद!" असं सुरू झालं आणि कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

नावापुढं जोडायच्या वाक्याचंही तसंच. मांड्या लोखंडाच्या आहेत असं बाईमाणसाबद्दल माईकवर म्हणणं बरं दिसत नाही, सुनेबद्दल तर मुळीच नाही. म्हणून मेघानं एका चढाईत तीन जणी बाद केल्या तेव्हा तो म्हणाला, "घरी भांडे घासून आली, आता इथं गडी घासून राहिली!" लोक पोट धरून हसले. देवाजीला स्वतःचं वाक्य इतकं आवडलं की त्याच सामन्यात त्यानं ते आणखी दोनदा वापरलं.

गुण लिहायला गोपीचंद बसायचा. पोस्टातून रिटायर झालेला, अक्षर छापल्यासारखं, आणि माईकवरून जे येईल ते कानामात्रा न बदलता लिहिणारा. त्यानं गुणपत्रकावर सात नवऱ्या-सासऱ्यांची नावं उतरवली. संध्याकाळी समितीचे अध्यक्ष श्यामराव यांनी स्टेजवरून खणखणीत वाचलं, "महिला गट, उत्कृष्ट चढाईपटू, राजकुमार देवाजी कापगते!" राजकुमार तेव्हा भज्यांच्या गाडीपाशी उभा होता. शाळेत असताना शंभर मीटरच्या शर्यतीत स्वतःच्याच पायात पाय अडकून पडलेला हा गृहस्थ. नाव पुकारलं म्हणून भज्यांचा कागद हातात धरून तो स्टेजवर गेला, प्रमाणपत्र घेतलं आणि फोटोही काढून घेतला. दुसऱ्या दिवशी ते टीव्हीच्या वर खिळ्याला लागलं. आल्यागेल्याला दाखवताना घर हसायचं आणि मेघाही हसायची.

तिचं हसणं सप्टेंबरात थांबलं. जिल्ह्याच्या महिला संघाची निवड व्हायची होती. मेघानं अर्ज भरला, हेच प्रमाणपत्र जोडलं आणि अर्ज परत आला. खेळाडूच्या स्वतःच्या नावाचं प्रमाणपत्र हवं, नवऱ्याच्या नावाचं चालत नाही. दिवाळीनंतर आणखी एक चाचणी आहे, तोवर आणलं तर विचार करू, असं जिल्हावाल्यांनी कळवलं होतं. त्यांचंही काही चुकलं नव्हतं. मेघा एकोणतीस वर्षांची होती. पुढच्या वर्षी वीस-बावीसच्या पोरी रांगेत उभ्या राहतील हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. जे व्हायचं ते या मंडईत व्हायला हवं होतं.

लवकर पिकणारा हलका धान कापायला आला तेव्हा एका दुपारी सगळे धुऱ्यावर जेवायला बसले. मेघानं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि बोलून टाकलं.

"मामाजी, यंदा माईकवर माहं नाव घ्याल."

देवाजीचा घास हातातच राहिला. "सासऱ्यानं सुनेचं नाव घ्यावं, असं कोठी असते काय, सूनबाई?"

"घरी तुमी सासरे. मैदानात माईकवाले."

"लोकं काय म्हनतीन?"

"मले जिल्हावाल्यायनं काय म्हनलं, ते तुमाले मालूमच हाय." तिनं त्याच्या तांब्यात पाणी ओतलं. आवाज कुठंही चढला नव्हता. "आन ते भांडेवालं बी नका म्हनू. भुपेंद्रभाऊ गेले तं मांड्या लोखंडाच्या, आमी गेलो तं भांडे. म्या काय मैदानात भांडे घासाले गेली होती?"

"बरोबर तं बोलून राहिली," देवाजीची बायको आनंदाबाई विळा पुसत म्हणाली. राजकुमार खाली मान घालून वांग्याची भाजी संपवत होता. देवाजीनं तांब्या तोंडाला लावला आणि गरजेपेक्षा बराच जास्त वेळ पाणी पीत राहिला.

मंडईचा दिवस उजाडला. सकाळी गुरं जमतात त्या आखरावर चुना टाकून मैदान आखलं होतं. पुरुषांची फायनल चार वाजता, म्हणजे गर्दीच्या वेळी, आणि बायकांचा सामना दुपारी एकला, म्हणजे अर्धा गाव जेवायला गेलेला असताना. जवाहरनगरची टीम जीपमधून उतरली. त्यांच्या टीशर्टच्या पाठीवर नावं छापलेली होती. आपल्या पोरींचे टीशर्ट लाखांदूरच्या बाजारातले, रंग सारखा, पाठी कोऱ्या. पहिल्या खुर्चीवर श्यामराव फेटा बांधून बसले. त्यांच्यासमोर देवाजी आजवर कधी मोठ्यानं शिंकलाही नव्हता.

माईक हातात घेताना देवाजीनं मनाशी एवढंच ठरवलं होतं की भांडी काढायची नाहीत. नावाचं काय करायचं ते मात्र त्यानं ठरवलं नव्हतं, आणि न ठरवलेल्या ठिकाणी माणूस सवयीनंच वागतो.

जवाहरनगरच्या बायकांची अडचण नव्हती. त्या कुणाच्या नात्यागोत्यातल्या नाहीत आणि नावं पाठीवर लिहिलेली. "रेणू चढाईले निघाली! जवाहरनगरची रेणू!" देवाजी एक श्वास थांबला. "पायाले चाकं लावून आली हो!" आणि खरंच, रेणू दोघींना शिवून सुसाट परत गेली. लोकांना मजा वाटली.

मग मेघाची पाळी आली. "राजकुमारची बायको चढाईले निघाली!"

मेघानं जाता जाता एकदा टेबलाकडे पाहिलं आणि पुढं गेली. दोन गुण आणले. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी शेंगा फोडत राहिले.

पंधरा मिनिटांत भलतंच घडलं. मैदानाकडेला ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती आणि तीवर गावची पोट्टी चढून बसली होती. त्यांनी आरोळी धरली, "रे-णू! रे-णू!" बघता बघता सगळं आखर रेणूच्या नावानं घुमू लागलं. पिंपळटोल्याच्या मातीवर, पिंपळटोल्याचीच माणसं, जवाहरनगरच्या बाईसाठी घसा फोडत होती.

देवाजीला राग आला. "अबे लेकाचे हो," तो माईकवरून ओरडला, "आपल्या गावासाठी ओरडा ना! लाज नाही वाटत?"

ट्रॉलीवरून डोमानं उत्तर दिलं, "काय म्हनून ओरडाव, काका? राजकुमारची बायको, राजकुमारची बायको म्हनता म्हनता ते बाद होऊन जाते!"

हशा पिकला. दोन-चार जणांनी इमानदारीनं प्रयत्नही करून पाहिला, "राज-कुमार! राज-कुमार!" त्यावर भज्यांच्या गाडीपाशी उभ्या असलेल्या राजकुमारनं हात उंचावून सगळ्यांना दाखवला. आता तर लोक लोळायचेच बाकी राहिले. तीस वर्षांत देवाजीच्या माईकवर लोक पुष्कळ हसले होते, पण त्याला हसण्याची ही पहिलीच वेळ होती.

मध्यंतर झालं तेव्हा जवाहरनगर सात गुणांनी पुढं होतं. देवाजीनं गोपीचंदच्या कागदात डोकावून पाहिलं. एका बाजूला रेणू, रिता, मेहनतीनं लिहिलेली नावं. दुसऱ्या बाजूला 'राजकुमार, ४' आणि 'तुलाराम, २'. तुलाराम सत्तरीचा, दम्यानं हैराण, त्या घटकेला घरी खाटेवर पडून होता आणि त्याच्या नावावर कबड्डीचे दोन गुण जमा होते. देवाजीला हसू आलं नाही.

त्याच्या डोळ्यांसमोर दुसरंच काही होतं. मेघाची परत येण्याची पद्धत. ती पाठ फिरवत नव्हती. कमरेत वाकलेली, नजर समोरच्या सात जणींवर, आणि पाय मागं, जमीन चाचपत, एकामागून एक, न अडखळता रेषेपर्यंत. हे आपण कुठं पाहिलंय? देवाजीनं डोकं खाजवलं आणि मग त्याला जुलै आठवला. रोवणीत बायका अशाच वाकून, हातात रोपांची पेंढी धरून, गुडघाभर चिखलात मागं मागं सरतात. वळून पाहत नाहीत आणि ओळही वाकडी जात नाही. त्याच्या बांधीत सगळ्यांच्या आधी मागच्या धुऱ्याला टेकायची ती मेघाच. मागं सरता येणारा गडी तो तीस वर्षं शोधत होता. गेली सात वर्षं त्या गड्यानंच त्याच्या ताटात भाकर वाढली होती आणि त्यानं तिच्याबद्दल भांड्यांचा विनोद केला होता. देवाजीला स्वतःची लाज वाटली, चांगली कानाच्या पाळ्या गरम होईपर्यंत वाटली.

दुसरा डाव सुरू झाला. मेघा रेषेवर येऊन उभी राहिली.

"राज..." देवाजी म्हणाला आणि थांबला. माईक नुसता गुणगुणत राहिला. श्यामरावांनी मान वळवून पाहिलं.

"मेघा," देवाजी म्हणाला. इतक्या हळू तो माईकवर कधी बोलला नव्हता. मग त्यानं छाती भरून घेतली. "मेघा चढाईले निघाली! पिंपळटोल्याची मेघा! रोवन्यातले पाय हायेत ते, चिखलात मागं सरनारे! पाहा आता कशी वापस येते!"

सासऱ्यानं सुनेचं नाव घेतलं होतं, तेही भोंग्यावरून. मग ट्रॉलीवरून आलं, "मे-घा! मे-घा!" आणि मागोमाग सगळीकडून आलं. मेघा मधल्या रेषेवर थबकली, एकदाच टेबलाकडे पाहिलं आणि वाऱ्यासारखी आत शिरली.

श्यामराव खुर्चीतून उठले आणि टेबलाकडे यायला लागले. आता काही खरं नाही, असं देवाजीला वाटलं. त्यानं माईक घट्ट धरला. श्यामराव वाकून त्याच्या कानाशी आले.

"देवाजी, माही सून बी खेळून राहिली ना? मंग तिलेच काहून 'श्यामरावची सून' ठेवलं? चंद्रकांता नाव हाय तिचं. घे."

त्या डावात देवाजीनं सातही जणींची नावं घेतली. एकीचं त्याला ठाऊकच नव्हतं, ते ट्रॉलीवरच्या पोट्ट्यांना विचारून घेतलं. चंद्रकांतानं रेणूचा घोटा धरला तेव्हा तो खुर्चीवर उभा राहिला. शेवटच्या मिनिटाला पिंपळटोला दोन गुणांनी मागं होता. मेघा आत गेली, एकीला शिवली, तिनंच तिची कंबर पकडली, आणि मेघा तिला ओढत, घसटत, मागं मागं सरत आली. रेषेला लागलं ते तिचं एक बोट. गुण एकच मिळाला आणि शिट्टी झाली. पिंपळटोला एका गुणानं हरला, पण गावानं पोरींना असं उचललं की जवाहरनगरच्या बायकांनाच आपण जिंकलो की हरलो ते कळेना.

खरी अडचण पुढं होती. उत्कृष्ट चढाईपटू ठरवायला गोपीचंदनं बेरीज केली आणि चष्मा वर सरकवला.

"रेणू अकरा. मेघा नऊ. रेणूले द्या लागते."

"पहिल्या डावातले चार कोठी गेले?" देवाजीनं विचारलं.

"ते राजकुमारचे होत." गोपीचंदनं कागदावर बोट ठेवलं. "तूच बोलला, म्या लिहिलं. कागदावर हे दोन खेळाडू हायेत, भाऊ."

मेघा तिथंच उभी होती, घामानं ओली, गुडघा सोललेला. ती कागदाकडे पाहत राहिली. त्या चार गुणांवर तिची जिल्ह्याची वाट अडली होती, आणि ती अडवली होती देवाजीच्या जिभेनं.

देवाजीनं माईक पुन्हा चालू केला.

"ऐका हो मंडळी. पहिल्या डावात राजकुमारच्या नावावर चार गुन लागले. राजकुमारनं आज भज्यांशिवाय कोनाले हात लावला नाही." लोक हसले. तो हसला नाही. "ते चार मेघाचे होत. गेल्या सालचं प्रमानपत्र बी मेघाचंच होतं. चूक माही हाय. दोन्ही सालची."

गोपीचंदला तरी साक्षीदार हवा होता. तेव्हा रेणूच पुढं आली. तिच्या पाठीवर अजून माती होती. "त्या चारही गुनांच्या वेळी मीच सामने होती," ती म्हणाली. "मले शिवून गेली ते हीच. तिच्या नवऱ्याले तं म्या मैदानात पाहिलं बी नाही." पंचांनी मान डोलावली, सही केली, आणि गोपीचंदनं 'राजकुमार' हा शब्द पट्टी धरून व्यवस्थित खोडला. चार आणि नऊ तेरा झाले. संध्याकाळी श्यामरावांनी वाचलं, "मेघा राजकुमार कापगते." राजकुमार सगळ्यात मोठ्यानं टाळ्या वाजवत होता. या वेळी स्टेजवर मात्र तो गेला नाही.

घरी नवं प्रमाणपत्र प्लास्टिकच्या फाइलीत गेलं. आनंदाबाई खिळ्यावरचं जुनं काढायला निघाली तर मेघानंच तिला अडवलं. "राहू द्या, आत्याबाई. कधी काळी तेबी खेळतीन." राजकुमारनं लगेच मान्य केलं आणि निवड चाचणीच्या दिवशी पोरीची वेणी घालायचंही कबूल केलं.

त्या दिवशी भंडाऱ्याची एसटी आठला होती. देवाजी साडेसातपासून थांब्यावर उभा. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी, काखेत ती फाइल. ती त्यानं कुणाच्या हाती द्यायला नकार दिला होता. एसटी आली तसा त्यानं एक पाय पायरीवर ठेवला आणि दांडा धरला.

"चढता का बाबाजी, का सोडू गाडी?" कंडक्टर म्हणाला.

"थांब जरा. एक सवारी येऊन राहिली."

कंडक्टरनं घड्याळ पाहिलं. गल्लीत कुणी दिसेना. घर तसं जवळच होतं, जाऊन सांगता आलं असतं, किंवा नेहमीसारखं 'अवो सूनबाई' म्हणता आलं असतं. इथं मैदान नव्हतं आणि हातात माईकही नव्हता. देवाजी गल्लीकडे वळला आणि त्यानं तीस वर्षांचा गळा मोकळा सोडला.

"मेघाऽऽ! एसटी आली वो!"

एसटीतल्या खिडक्यांमधून माना बाहेर आल्या. दारात डबा घेऊन उभी असलेली आनंदाबाई नवऱ्याकडे बघतच राहिली. आणि तिच्या बाजूनं मेघा धावत आली, ट्रॅकसूटमध्ये, खांद्याला पिशवी, डोक्यावर पदराचा पत्ता नाही. येता येता तिनं सासूच्या हातातला डबा तेवढा घेतला.

"आली, मामाजी!"

"कोन होय हे?" कंडक्टरनं विचारलं.

"मेघा कापगते. चढाई करते. जिल्ह्याच्या निवडीले चालली."

"आन तुमी कोन?"

देवाजी सवयीनं एक श्वास थांबला.

"मी तिचा सासरा," तो म्हणाला आणि पायरी चढला. "भंडाऱ्याचे दोन दे. दोन्ही अर्धे."